आधी स्लॅब, मग खिडकी, शेवटी एसी: कोल्हापुरात घर गार ठेवायची रीत

रात्री दहाला जेवणं उरकली की वरच्या खोलीत जा, पलंगावर उभं राहा आणि स्लॅबला खालून तळहात लावा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, तरी एप्रिल-मेमध्ये तो स्लॅब नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखा ऊन लागतो. मग जिना चढून टेरेसवर या. तिथं गार वारं सुटलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांचं दुखणं या पंधरा पायऱ्यांत आहे. रात्र गार असते, घर गार नसतं.

आमचं घर फुलेवाडीत आहे. वर एकच मजला आणि त्यावर उघडा स्लॅब. पहिल्या उन्हाळ्यात वैतागून आम्ही दीड टनाचा एसी बसवला. तो रात्रभर चालायचा, पहाटेपर्यंत थांबायचं नाव नाही. आण्णा एकदा म्हणाले, "अरे, वर चूल पेटलीय आणि तू खाली वारा घालत बसलायस." ते पटलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आधी स्लॅब पांढरा केला, मग पश्चिमेची खिडकी झाकली. एसी अजून आहे, पण आता तो उन्हाळ्यातल्या मोजक्या रात्रीच लागतो.

म्हणून खर्चाचा क्रम मी असा सांगेन: स्लॅब, पश्चिमेची खिडकी, रात्रीचा वारा, पंखा आणि एवढं करूनही गरज उरली तर कूलर किंवा एसी. उलट्या क्रमानं पैसे घातले तर ते दर महिन्याला वीजबिलात पुन्हा घालावे लागतात.

आपला उन्हाळा कसा असतो

एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुपारचा पारा साधारण ३७-३८ अंशांवर जातो, पण पहाटे तो २२-२३ पर्यंत उतरतो. मुंबईला हे सुख नाही. तिथली रात्रही दमट आणि उबट असते. आपल्याकडे दुपार कलली की पश्चिमेकडून, घाटाच्या अंगानं वारं येतं. मे महिन्यात एखादा वळीव झाला की मातीचा वास सुटतो आणि घटकाभर गारवा येतो. म्हणजे गारवा विकत आणायची गरज फार थोडी आहे. दिवसा घर तापू द्यायचं नाही आणि रात्रीचा गारवा आत घ्यायचा, एवढं जमलं पाहिजे.

दुसरी गोष्ट उन्हाच्या दिशेची. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळं ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. 'दक्षिणेची खिडकी झाका' हा सल्ला उत्तर भारतातल्या घरांसाठी ठीक आहे. आपल्याकडं दक्षिणेचं ऊन हिवाळ्यात येतं आणि तेव्हा ते हवंहवंसं असतं. उन्हाळ्यात मार बसतो तो छताला आणि त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीला. मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून वायव्येच्या खिडकीतूनही संध्याकाळी तिरपं ऊन आत येतं. एका रविवारी दर दोन तासांनी घरात फेरी मारा आणि कुठल्या खिडकीतून ऊन कधी फरशीवर येतं ते वहीत लिहा. पुढची सगळी कामं त्या पानावरून ठरतात.

स्लॅब

भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट एवढं ऊन पडतं. ५०० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. दोन किलोवॅटचे तेवीस गिझर टेरेसवर एकदम चालू केल्यासारखं हे झालं. जुना काळवंडलेला कोबा त्यातलं बहुतेक ऊन पिऊन टाकतो आणि ताजा पांढरा पृष्ठभाग बहुतेक परत धाडतो. प्यायलेली उष्णता चार-पाच इंच काँक्रीटमधून खाली उतरायला तीन-चार तास घेते. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहाला खोलीत पोचतं आणि रात्री झोपायच्या वेळीही ते सरलेलं नसतं, ते याच कारणानं.

खात्री करून घ्यायची असेल तर आधी टेरेसच्या एका कोपऱ्यात हातभर चौकोन चुन्यानं पांढरा करा. चांगला वाळू द्या. मग एखाद्या दुपारी दोन वाजता एक तळहात त्या चौकोनावर आणि दुसरा शेजारच्या कोब्यावर टेकवा. कोब्यावरचा हात लगेच उचलावा लागतो, चौकोनावरचा ठेवता येतो. आमच्या घरी ज्यांना 'चुन्यानं काय होतंय' वाटत होतं त्या सगळ्यांना मी असंच वर नेलं. पुढं कुणी काही म्हणालं नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. अहमदाबाद महापालिकेनं २०१७ मध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी करायची मोहीम घेतली, तिथंही चुनाच वापरला. काम फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला काढा आणि दोन-तीन दिवस हातात ठेवा.

पहिल्या दिवशी फक्त सफाई. गेल्या पावसाळ्याचं वाळलेलं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडून काढा, झाडून घ्या, पाण्यानं धुवा. भेगा दिसतील त्या भरून घ्या. कुठं ओल असेल, टाकी ओसंडत असेल, तर ती आधी बंद करा. ही पायरी मी एकदा टाळली. रंगाऱ्यानं सकाळी येऊन दुपारपर्यंत काम संपवलं. टाकीखालचा कोपरा ओला होता आणि पहिल्या वळवात तिथला थर पापडासारखा सुटून आला. स्लॅब पूर्ण एक दिवस उन्हात वाळला पाहिजे.

चुना कळीचा आणला असेल तर तो आदल्या रात्रीच भिजवा. पाणी घातलं की तो उकळतो, म्हणून लोखंडी पिंपात भिजवा आणि लेकरांना लांब ठेवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, कारण चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी इजा होते. विझवलेली तयार चुन्याची पिशवी घेतली तर हा व्याप वाचतो. भिजलेला चुना जाड कापडातून गाळून घ्या आणि त्यात फेव्हिकॉलसारखा डिंक मिसळा, म्हणजे वाळल्यावर तो पायाला लागत नाही. पहिला हात ताकासारखा पातळ, दुसरा थोडा दाट. काम ऊन उतरल्यावर सुरू करा. स्लॅबवर आधी पाणी शिंपडून तो ओलसर करा, नाहीतर तापलेला कोबा पाणी शोषून घेतो आणि चुना नुसती भुकटी होऊन बसतो. पहिला हात पूर्व-पश्चिम मारला तर दुसरा दक्षिण-उत्तर मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पाण्याचा हलका शिडकावा द्या, त्यानं चुना घट्ट धरतो.

आपल्या पावसात हा चुना टिकत नाही, दर वर्षी पुन्हा मारावा लागतो. ते नको असेल तर छतासाठीचा पांढरा परावर्तक रंग मिळतो. डब्यावर एसआरआय हा आकडा असतो, म्हणजे रंग ऊन किती परत धाडतो त्याचं माप. तो १०० च्या आसपास किंवा वर असावा. साधा भिंतीचा पांढरा रंग मारू नका, तो टेरेसवर एक पावसाळाही काढत नाही. खडबडीत कोब्यावर डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा रंग जास्त लागतो, हे हिशेबात धरा. पैसे थोडे जास्त असतील आणि स्लॅब गळतही असेल तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या. गळती आणि उष्णता दोन्हींचं काम होतं. फक्त वजन वाढतं, त्यामुळं घर जुनं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

पांढऱ्या टेरेसवर धूळ बसली की परिणाम उतरतो. महिन्यातून एकदा झाडून घ्या. शेजारच्यांची खिडकी वरच्या मजल्यावर असेल तर त्यांच्या डोळ्यांवर चकाकी जाते, म्हणून काम काढायच्या आधी त्यांच्या कानावर घाला.

टेरेसवर पाणी मारायची सवय बऱ्याच घरांत आहे. मारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर बादली-दोन बादल्या शिंपडा. भर दुपारी तापल्या स्लॅबवर थंड पाणी ओतलं तर कोब्याला बारीक भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच गळतात.

पत्रा, कौल आणि जुनी घरं

पत्र्याच्या खोलीचं गणित वेगळं आहे. पत्रा उष्णता साठवत नाही, पण ऊन पडलं की मिनिटांत तापतो आणि खाली बसलेल्या माणसावर आग ओकतो. त्यालाही पांढरा रंग चालतो, गंज घासून आधी प्रायमर मारा. खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटईचं छत बांधा आणि मधल्या पोकळीची दोन्ही टोकं उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. पोकळी बंद केली तर अर्धा फायदा गेला. थर्माकोल लावू नका, तो लगेच पेट घेतो आणि धूर विषारी असतो. आपले शेतकरी गोठ्याच्या पत्र्यावर उसाचा पाला टाकतात. ती युक्ती गुरांसाठी उत्तम आहे, माणसांच्या घरावर मात्र ठिणगीची भीती असते, तिथं नको. शिरोलीच्या किंवा उद्यमनगरातल्या शेडवर गरगर फिरणारे गोळे दिसतात ना, ते वाऱ्यावर फिरून आतली गरम हवा ओढून काढतात, त्यांना वीज लागत नाही. घराच्या मोठ्या पत्र्याच्या खोलीलाही तसा एक बसवता येतो.

ज्यांच्याकडं अजून मंगलोरी कौलाचं, माळ्याचं, भेंड्याच्या जाड भिंतींचं घर आहे त्यांनी ते जपावं. कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाते, माळा मधे छत्रीसारखा राहतो आणि माजघरात भर दुपारीही डोळा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठची मातीची कितीतरी घरं पडली आणि त्या जागी स्लॅब आले. पुराच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. फक्त नवा स्लॅब टाकताना मिस्त्रीला कोब्याच्या आत उष्णतारोधक थर घालायला सांगा. तो नंतर घालायचा म्हणजे कोबा फोडावा लागतो.

पश्चिमेची खिडकी

पडदा आतून लावायचा की बाहेरून, यात फार फरक आहे. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. काचेच्या बाहेर अडवलेलं ऊन बाहेरच राहतं. चार फूट बाय चार फुटांच्या पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी पाचला येणारं ऊन अर्ध्या किलोवॅटच्या हीटरएवढं तरी असतं.

बाहेरून लावायला सगळ्यात स्वस्त शेडनेट. शेतीसाहित्याच्या दुकानात ती मीटरवर मिळते, ५० किंवा ७५ टक्के सावलीची घ्या. खिडकीला चिकटवून लावू नका. वरून लाकडी पट्टीला अडकवा, खालचं टोक फूट-दीड फूट पुढं ओढून बांधा, म्हणजे मधून वारा खेळतो. बांबूची चिकही चांगली, दुपारी सोडायची आणि सूर्य बुडाला की गुंडाळायची. वाळ्याचा पडदा मिळाला आणि त्यावर पाणी शिंपडायला घरी कुणी असलं तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्यासारखं सुख नाही. पश्चिमेला छज्जा असून उपयोग थोडा, कारण मावळतीचं ऊन आडवं येतं आणि छज्जाखालून आत शिरतं. तिथं उभी आडोशाची जाळी किंवा वेल हवा. मधुमालती तारेवर चढवली तर दोन वर्षांत भिंत झाकते. जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज लावा. झाडाची सावली भिंतीवर पडेपर्यंत चार-पाच वर्षं जातील, पण तोवर शेडनेट आहेच.

रात्र घरात घ्या

हे काम फुकट आहे आणि बहुतेक घरांत होत नाही. आपल्याकडं सकाळी उठल्यावर खिडक्या उघडतात आणि रात्री डास येतील म्हणून लावून घेतात. उन्हाळ्यात नेमकं उलटं करायचं.

घरात एक आणि बाहेर सावलीत एक असे साधे भिंतीवरचे थर्मामीटर टांगा. संध्याकाळी बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की सगळ्या खिडक्या उघडा. साधारण साडेसात-आठला ही वेळ येते. सकाळी बाहेरचा आकडा वर जायला लागला, म्हणजे साडेआठ-नऊच्या सुमारास, की सगळ्या खिडक्या लावून पडदे ओढून घ्या. रात्रभर गार झालेल्या भिंती मग दुपारपर्यंत खोली धरून ठेवतात. भवानी मंडपाच्या दगडी कमानीखाली दुपारी उभं राहिल्यावर जो गारवा जाणवतो, तो याच तत्त्वाचा.

यासाठी खिडक्यांना मच्छरजाळी हवीच. एसी घ्यायच्या आधी जाळी बसवा, असं मी आग्रहानं सांगेन. वारा आत यायला एक बाजू आणि बाहेर जायला दुसरी बाजू लागते, एकच खिडकी सताड उघडून उपयोग होत नाही. पश्चिमेची खिडकी आणि समोरचं पूर्वेचं दार-खिडकी उघडी ठेवा. जिन्याच्या वरचा टेरेसचा दरवाजा हा घराचा धुराडा आहे. गरम हवा वर चढते, तिला तिथून वाट द्या. चोराची भीती असेल तर त्या दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दार करून घ्या. वारा पडलेली रात्र असेल तर टेबलफॅन पूर्वेच्या खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा. तो आतली उबट हवा बाहेर फेकतो आणि पश्चिमेकडून गार हवा आपोआप आत येते.

पंखा

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. खोलीत माणूस नसेल तर पंखा नुसती वीज खातो.

जुना छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास धरले तर जुन्याला १.१ युनिट लागतं आणि नव्याला ०.४५. म्हणजे एका पंख्यामागं महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात, तीन पंख्यांमागं ६०. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे, पाच तारे बघून घ्या. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त तास फिरतो तो आधी बदला.

वाचलेल्या युनिटची किंमत कशी काढायची हेही बघा. घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि पुढं असे टप्पे असतात, आणि वरच्या टप्प्याचा दर जास्त असतो. वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून बिलाला एकूण युनिटनं भागून सरासरी दर काढू नका, बिलावर तुमच्या शेवटच्या टप्प्याचा जो दर छापलाय तो धरा.

कूलर

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६५ युनिट विजेएवढी उष्णता हवेतून निघून जाते. माठ आणि कूलर दोन्ही यावरच चालतात. कूलरला वीज दीडशे-दोनशे वॅट लागते, पण हवा कोरडी हवी. मार्च-एप्रिलच्या दुपारी तो छान चालतो. वळीव होऊन हवा दमट झाली की तो खोली चिकट करतो, अशा दिवशी पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. कूलर खिडकीत, सावलीच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी असू द्या. बंद खोलीत कूलर लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून घासा आणि वाळवा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

एसी लागलाच तर

घरात म्हातारं माणूस, बाळ किंवा आजारी कुणी असेल तर एसी चैन नाही, तो घ्यावा. फक्त स्लॅब पांढरा आणि खिडकी झाकलेली असेल तर दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरतो. पूर्ण जोरात चालणारा दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. तेवढ्यात बीएलडीसी पंखा ५० तास फिरतो. म्हणून दोन्ही एकत्र वापरा: एसी २६ वर आणि पंखा मंद. २०२० पासून ताऱ्यांच्या लेबलचे एसी २४ अंश हे मूळ सेटिंग ठेवून येतात, आणि एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. दाराखालची फट जुन्या चादरीची गुंडाळी ठेवून बुजवा. बाहेरचा डबा पश्चिमेच्या उन्हात टांगू नका, आणि सावली करताना त्याला चहूबाजूंनी कोंडूही नका. एसीच्या आतल्या डब्यातली जाळी पंधरा दिवसांनी धुवा. वायरिंग जुनं असेल तर एसीला स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग करून घ्या. पहाटे तीनला बंद होईल असा टायमर लावा आणि उठून खिडकी उघडा, बाहेरची हवा तेव्हा एसीपेक्षा गार असते.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगतो: कुकर आणि भाकरी सकाळी नऊच्या आत उरकाव्यात, रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची फोडणी शक्यतो सकाळी लवकर पडावी, धूर काढणारा पंखा स्वयंपाक संपल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवावा आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढावा.

सोलर

टेरेसवर सोलर पॅनेल बसवणार असाल तर ते स्लॅबला सावलीही देतात. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. पॅनेल माणूस खालून चालू शकेल इतक्या उंचीवर बसवून घ्या, म्हणजे खाली वारा खेळतो, टेरेस वापरता येते आणि पॅनेल धुताही येतात. खालचा स्लॅब आधी पांढरा करून मगच सांगाडा उभा करा.

मेच्या अखेरीला वादळी वळीव सुरू झाले की शेडनेट आणि चिका उतरवून, झटकून, घडी घालून ठेवा. एका वाऱ्यात त्या फाटतात. आणि जूनच्या आधी टेरेसच्या पावसाळी पाइपचं तोंड हात घालून साफ करा. सुटलेल्या चुन्याचे पापुद्रे तिथंच अडकतात आणि पहिल्या मोठ्या पावसात टेरेसवर तळं साचतं.